नव्या वैद्यकीय शिक्षकांसाठी शिक्षणाचे सिद्धांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात वैद्यकीय महाविद्यालयं एकमेकांपासून फार लांब नाहीत. कळव्याचं राजीव गांधी, नेरूळची डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याचं एमजीएम. इथे दरवर्षी एमडी-एमएस संपवून नवे ट्यूटर, सीनियर रेसिडेंट आणि असिस्टंट प्रोफेसर रुजू होतात आणि पहिल्याच आठवड्यात वर्गासमोर उभे राहतात. शिकवायचं कसं, हे कोणी शिकवलेलं नसतं. ते कॉरिडॉरमध्ये, चहाच्या टपरीवर आणि कार्यशाळेच्या मधल्या सुट्टीत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं मेडिसिन शिकवणाऱ्या एका शिक्षिकेची आहेत, त्यामुळे उदाहरणं वॉर्डाकडे झुकलेली दिसतील. ॲनॉटॉमी-बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी आपापली घालावीत.

मला विषय येतो. मग शिक्षणाचे सिद्धांत कशाला शिकायचे?

वर्गात काही बिघडलं की आपल्याकडे दोनच निदानं तयार असतात: ‘पोरं आळशी आहेत’ आणि ‘ही बॅचच वाईट आहे’. दोन्हींवर उपचार नाही. ताप आलेल्या प्रत्येकाला पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवणाऱ्या डॉक्टरला आपण नावं ठेवतो, आणि वर्गात मात्र तेच करतो: समजलं नाही? पुन्हा सांगतो, जरा मोठ्याने.

सिद्धांत हाताशी असला की शक्यतांची यादी वाढते. मुलांना कळलं नाही, कारण एका वेळी फार भरलं? की आधीचं ज्ञानच कच्चं होतं? की कळलं होतं, पण आठवून पाहायची संधी कधी मिळाली नाही? की सगळं येतं, पण सगळ्यांसमोर चुकायची भीती वाटते? चारही प्रश्नांमागे वेगवेगळे सिद्धांत आहेत आणि चारही ठिकाणी करायची गोष्ट वेगळी आहे. सिद्धांताचा उपयोग एवढाच आणि तो पुरेसा आहे.

बेसिक कोर्स झाला आहे. तेवढं पुरत नाही का?

सर्टिफिकेटपुरतं पुरतं. बढतीसाठी वैद्यकीय शिक्षण तंत्रज्ञानाचा बेसिक कोर्स आणि बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स या अटी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत आल्या, त्यामुळे कोर्स सगळेच करतात. तीन दिवसांत ब्लूमची उतरंड (शिकण्याच्या पातळ्यांची), उद्दिष्टं लिहिणं, मायक्रोटीचिंग (काही मिनिटांचा सरावाचा पाठ), मूल्यमापन, फीडबॅक असं सगळं डोळ्यांखालून जातं. सोमवारी ओपीडी सुरू झाली की फाइल कपाटात जाते.

दोष कोर्सचा नाही. प्रौढ माणूस आपल्या समोरच्या अडचणीशी जोडलेलं तेवढंच धरून ठेवतो, हे माल्कम नोल्स यांनी प्रौढशिक्षणाबद्दल मांडलं, आणि आपणही प्रौढच आहोत. कोर्सला जाताना स्वतःच्या वर्गातली एक खरी अडचण सोबत न्या. ज्यांनी आधीच केला आहे, त्यांनी फाइल काढून तीच अडचण मनात ठेवून पुन्हा चाळावी. पुढे जायचं असेल तर ॲडव्हान्स्ड कोर्स आहे. त्यात मधल्या काळात स्वतःच्या कॉलेजात प्रोजेक्ट करावा लागतो, आणि खरं शिकणं त्या प्रोजेक्टमध्ये होतं. मुंबईत परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षकांसाठीची फाइमरची फेलोशिपही २००५ पासून आहे. ती जरा अनुभव गाठीशी आल्यावर करा.

नावं खूप आहेत: कोल्ब, शॉन, व्हिगॉट्स्की, बँडुरा… सुरुवात कुठून करू?

नावांपासून करू नका. आठवड्याभरात ज्या तासाला सगळ्यात जास्त चिडचिड झाली, तो तास निवडा. काय बिघडलं ते दोन-तीन वाक्यांत लिहा. मग त्या अडचणीला लागू पडणारा एकच सिद्धांत वाचा, पुढच्या तासाला एकच गोष्ट बदला, आणि काय झालं ते पुन्हा लिहा. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं (अनुभव, त्यावर विचार, त्यातून कल्पना, मग प्रयोग), ते तुम्ही न कळत पूर्ण केलेलं असेल.

दीडशे-दोनशे मुलांच्या लेक्चरमध्ये सिद्धांत काय कामाचा?

इथेच सगळ्यात जास्त कामाचा.

जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात कॉग्निटिव्ह लोडची, म्हणजे डोक्यावर पडणाऱ्या भाराची, कल्पना मांडली. चालू क्षणी डोक्यात धरून ठेवायची जागा फार अपुरी असते आणि नवख्या माणसाची ती पटकन भरते. विषय मुळातच जड असतो, त्याला इलाज नाही. पण स्लाइडवर बारीक अक्षरातला परिच्छेद, बाजूला आकृती, आकृतीतले आकडे आणि त्यांचे अर्थ खाली तिसरीकडे, आणि वरून आपण बोलतोय भलतंच, हा भार आपण लादलेला असतो. किडनीतल्या नेफ्रॉनची स्लाइड उघडून पाहा. प्रत्येक भागाचं नाव त्या भागावरच लिहा, ट्रान्सपोर्टर (पदार्थांची ने-आण करणारी प्रथिनं) एकेक करून आणा, आणि आकृती दाखवताना स्लाइडवरचा बाकीचा मजकूर काढून टाका. एवढ्यानेही फरक पडतो.

एक सावधगिरी. नवख्याला मदत करणारी गोष्ट जाणत्याला अडथळा ठरू शकते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पायरी-पायरीने सोडवून दाखवलेली ॲसिड-बेसची गणितं हवीच असतात. इंटर्नला तीच दिली तर तो मोबाइल काढतो. त्याला थेट रुग्णाच्या एबीजीचा (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) कागद द्या.

दुसरी गोष्ट, आठवून पाहण्याची. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे तासाच्या शेवटी ‘समजलं ना?’ विचारल्यावर येणारा ‘हो मॅडम’ हा पाचव्या मिनिटाचा निकाल असतो. त्यापेक्षा शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा: वह्या बंद, तीन प्रश्न, स्वतःसाठी उत्तरं, मार्क नाहीत. आणि पुढच्या तासाची सुरुवात मागच्या आठवड्यातल्या एका प्रश्नाने करा. पोर्शन पूर्ण होणार नाही म्हणाल. पोर्शन तुमचा पूर्ण होतो, त्यांचा नाही.

बेडसाइड क्लिनिकला एका खाटेभोवती पंधरा मुलं आणि माझ्याकडे दहा मिनिटं. काय शिकवणार?

यासाठी ‘वन-मिनिट प्रीसेप्टर’ नावाची पाच पायऱ्यांची पद्धत आहे, १९९२ मध्ये मांडलेली. विद्यार्थ्याला आधी एका मतावर यायला लावायचं, त्याची कारणं विचारायची, एकच सर्वसाधारण नियम शिकवायचा, बरोबर काय केलं ते सांगायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं. कागदावर फार सोपं वाटतं. जुलैमधल्या वॉर्डात ते असं दिसतं:

‘बोल, काय वाटतं तुला?’
‘मॅडम, डेंग्यू.’
‘कशावरून?’
‘चार दिवस ताप, अंगदुखी, प्लेटलेट्स कमी आहेत.’
‘आणि तुझ्या निदानात न बसणारं काय आहे?’
(इथे गप्प बसायचं. दहा सेकंद फार लांब वाटतात, तरी बसायचं.)
‘डोळे पिवळे आहेत… आणि लघवी कमी होतेय म्हणतात.’
‘मग?’
‘लेप्टो?’ (म्हणजे लेप्टोस्पायरोसिस.)
‘पावसाळ्यात ताप, कावीळ आणि कमी लघवी एकत्र दिसली की लेप्टो आणि मलेरिया दोन्ही डोक्यात आलेच पाहिजेत. डोळ्यांची लाली बघ, पोटऱ्या दाबून बघ, साचलेल्या पाण्यातून चालले होते का विचार. तू न बसणारी गोष्ट स्वतः शोधलीस, ते चांगलं केलंस. पण किडनीसाठीचं क्रिएटिनिन बघितलं नाहीस. ते आधी बघ.’

बाकीच्या चौदांचं काय? त्यांनाही मत बनवायला लावा. ‘डेंग्यू म्हणणारे हात वर’ एवढंही पुरतं, कारण हात वर केला की माणूस उत्तरात गुंततो. हे सगळं रुग्णाच्या डोक्यावर चाललेलं असतं याचंही भान हवं. आजोबांना सगळं ऐकू येत असतं आणि ‘किडनी’ हा शब्द सगळ्यांना कळतो. निघताना त्यांच्याशी दोन वाक्यं बोला. विद्यार्थी तेही बघत असतात.

स्किल लॅबमध्ये डेमो नीट दिला, तरी हात चुकतातच. का?

कारण बघणं आणि करणं यांच्यामध्ये एक पायरी गाळलेली असते. पेटन यांची चार टप्प्यांची पद्धत आहे: आधी खऱ्या वेगात न बोलता करून दाखवणं, मग सावकाश बोलत करणं, मग विद्यार्थी सांगेल तसं शिक्षकाने करणं, शेवटी विद्यार्थ्याने बोलत करणं. बहुतेक जण तिसरा टप्पा वेळेअभावी सोडतात. माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे.

आयव्ही कॅन्युलाचं घ्या. विद्यार्थी सांगतो, ‘फ्लॅशबॅक (सुईमागे रक्त) आला, आता कॅन्युला पुढे सरकवा, सुई काढा.’ तुम्ही सांगितलं तेवढंच करायचं. टूर्निकेट (दंडाला बांधलेला पट्टा) सोडायला त्याने सांगितलं नाही, म्हणून सोडायचं नाही. वर बोटाने दाब द्यायलाही सांगितलं नाही, म्हणून द्यायचा नाही. सुई निघाली की मॅनिकिनच्या हातातून लाल पाणी ट्रेमध्ये ओघळतं. सगळे हसतात, आणि ती पायरी त्या गटातलं कोणी सहसा विसरत नाही.

सराव कसा करायचा, हे अँडर्स एरिक्सन यांच्या ‘डेलिबरेट प्रॅक्टिस’च्या मांडणीत सापडतं: जे जमत नाही नेमका तोच भाग पुन्हा पुन्हा, लगेच मिळणाऱ्या फीडबॅकसह. नुसत्या लॉगबुकमधल्या सह्या वाढल्या म्हणून हात बसत नाही.

प्रत्येक कार्यशाळेत ‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं’ हा शंकू दाखवतात. खरं आहे का?

नाही. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू काढला, पण त्यात टक्केवारी नव्हती. ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले आणि आता स्लाइडवरून स्लाइडवर जातात.

‘मी व्हिज्युअल लर्नर आहे’ हेही त्याच माळेतलं. प्रत्येकाच्या पसंतीच्या शैलीत शिकवलं तर तो जास्त शिकतो, या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून लिहिलं. हृदयाचे आवाज कानानेच शिकावे लागतात, मग तुम्ही कुठल्याही प्रकारचे लर्नर असा. औषध लिहिताना आपण पुरावा मागतो. शिकवताना तो मागायला लाजण्याचं कारण नाही.

‘सेल्फ-डायरेक्टेड लर्निंग’ म्हटलं की मुलं सुट्टी समजतात. काय करायचं?

२०१९ च्या बॅचपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि टाइमटेबलमध्ये एसडीएलचे, म्हणजे सेल्फ-डायरेक्टेड लर्निंगचे, तास आले. पण मूल येतं कुठून ते बघा. नीटची दोन-दोन वर्षं क्लासमध्ये काढलेली, नोट्स छापील मिळालेल्या, प्रश्न कोणता महत्त्वाचा हेही दुसऱ्याने ठरवलेलं. अशा अठरा वर्षांच्या मुलाला ‘जा, स्वतः शिक’ म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं.

व्हिगॉट्स्की यांचं म्हणणं इथे लागू पडतं: एकट्याने जमतं आणि थोड्या मदतीने जमू शकतं, यांच्या मधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. त्या मदतीला वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये ‘स्कॅफोल्डिंग’ म्हटलं. इमारत उभी राहिली की परांची काढायची असते, हे त्या नावातच आलं. पहिल्या टर्मला प्रश्न तुम्ही द्या, दोनच स्रोत सांगा आणि परत येऊन पाच वाक्यांत मांडायला लावा. दुसऱ्या टर्मला प्रश्न तुमचा, स्रोत त्यांचे. तिसऱ्या टर्मला प्रश्नही त्यांचाच.

आणि प्रेरणेचं म्हणाल, तर डेसी आणि रायन यांनी तीन गरजा सांगितल्या: थोडी मोकळीक, जमतंय असं वाटणं आणि आपलेपणा. अटेंडन्सची भीती घातली की मूल वर्गात बसतं. पुढचं काही होईलच असं नाही.

परराज्यातल्या विद्यार्थ्यांना मराठी येत नाही, ते हिस्ट्री (रुग्णाला विचारून आजाराची माहिती) घ्यायला मागेच उभे राहतात. यावर सिद्धांत काही सांगतो का?

सांगतो. लेव्ह आणि वेंगर यांनी १९९१ मध्ये म्हटलं, की नवखा माणूस एखाद्या समुदायात कडेने शिरतो, पण त्याला दिलेलं काम छोटं असलं तरी खरं असावं लागतं. मागे उभं राहून ऐकणं हे काम नाही.

म्हणून कामं वाटा. मराठी येणारी मुलगी बोलेल, न येणारा मुलगा नाडी-बीपी बघेल आणि तिने विचारलेल्या प्रश्नांतून काय राहिलं ते टिपेल. पुढच्या आठवड्यात फक्त ‘जेवण, झोप, काम’ एवढंच त्याने मराठीत विचारायचं. कळवा-मुंब्र्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतचे रुग्ण येतात. कोणी आगरीत बोलतं, कोणी हिंदीत, कोणी दोन्हींची सरमिसळ करतं. ‘छातीत कळ येते’, ‘गरगरतं’, ‘अंगावरून जातं’ असं रुग्ण जसं बोलतात तसं मुलांनी वॉर्डातच वहीत उतरवून घ्यावं. मावशी आणि सिस्टर याबाबतीत आपल्याहून चांगल्या शिक्षिका असतात. त्यांना विचारायला मुलांना सांगा.

फीडबॅक कसा द्यायचा? दोन कौतुकांमध्ये एक टीका घालायची का?

ती सँडविच पद्धत मला पटत नाही. मुलं हुशार असतात, पहिलं कौतुक संपायच्या आत ‘पण’ची वाट बघू लागतात आणि कौतुकही वाया जातं. विद्यार्थ्याने आधी स्वतः सांगावं, मग आपण, ही पेंडलटन यांची चाल बरी आहे, मात्र साचेबंद करू नका.

‘छान’, ‘अभ्यास वाढव’, ‘कॉन्फिडन्स नाही’ हे फीडबॅक नव्हेत. ‘यकृत तपासताना तू उजव्या बरगडीखालूनच सुरुवात केलीस, म्हणून खालपर्यंत वाढलेलं यकृत हाताला लागलं नाही, उजव्या खालच्या पोटापासून वर ये’ हा फीडबॅक. जे दिसलं ते, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते. लगेच, आणि शक्यतो बाजूला घेऊन.

सीनियर म्हणतात, ‘आम्हाला झापूनच शिकवलं, आम्ही काय वाईट झालो?’

वाद घालू नका, विशेषतः प्रोबेशनवर असताना. त्या झापण्यातून अनेक चांगले डॉक्टर तयार झाले हे खरं आहे. जे गप्प बसले, वॉर्ड टाळू लागले, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही, हेही खरं आहे. भीतीने माणूस चूक टाळायला शिकतो किंवा लपवायला, आणि आपल्या व्यवसायात लपवलेली चूक रुग्णाच्या अंगावर जाते.

तुमच्या हातात तुमची बॅच आहे. तिथे वेगळं करून दाखवा. आणि एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) सिद्धांताचं नाव घेऊन जाऊ नका. ‘सर, शेवटची पाच मिनिटं प्रश्नांना दिली तर चालेल का, इंटर्नलला फरक पडतो का बघू’ असं म्हणा. सहसा परवानगी मिळते.

रिफ्लेक्शन लिहायला सांगितलं की सगळ्यांचं एकसारखं येतं. आता तर चॅटबॉटकडून लिहून आणतात.

येणारच. लॉगबुकचा चौकोन भरायचा म्हणून लिहिलेलं रिफ्लेक्शन कुणाचंही असू शकतं. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये करता करता विचार करणं आणि केल्यानंतर विचार करणं असा फरक केला. त्यांच्या मनात खरा, गोंधळात टाकणारा प्रसंग होता. ‘एम्पथीवर रिफ्लेक्शन लिहा’ म्हटल्यावर निबंधच येणार. त्याऐवजी तोंडी घ्या, सहा-सात जणांच्या गटात: आज कुठे अडलास, त्यातून काय कळलं, उद्या काय वेगळं करशील. आधी स्वतःचं सांगा. तुम्ही ‘काल त्या नातेवाइकांशी बोलताना मला शब्द सुचेनात’ म्हणालात, तर मुलं बोलतात.

आणखी एक. एटकॉमच्या (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांच्या) तासाला आपण शिकवतो, रुग्णाचं नाव घ्या, परवानगी मागा. तासाभराने राउंडला तीच मुलं ऐकतात, ‘तो चौदा नंबरचा सिरोसिस’. याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात. परीक्षेत एटकॉमचं उत्तर लिहितील, वॉर्डात चौदा नंबर म्हणतील.

हे सगळं करायला वेळ कुठून आणू?

जादा वेळ लागेल असं काही सुरुवातीला करूच नका. आहे त्या तासातली एक गोष्ट बदला. एखाद्या सहकाऱ्याला दहा मिनिटं शेवटच्या बाकावर बसवा आणि एकच गोष्ट बघायला सांगा: प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबते? उत्तर ऐकून बहुतेकांना धक्का बसतो.

वाचनासाठी सोबती शोधा. ठाणे-पनवेल लोकल नेरूळ आणि कामोठ्याजवळचं मानसरोवर दोन्ही गाठते, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजातले दोघे-तिघे महिन्यातून एकदा भेटणं अवघड नाही. एक लेख, तोही सगळ्यांनी आधी वाचलेला, आणि प्रत्येकाने आपल्या वर्गातला एक प्रसंग आणायचा. पाच जण पुरेत. पंधरा झाले की व्हॉट्सॲप ग्रुप होतो आणि त्यावर गुड मॉर्निंगचे फोटो येऊ लागतात.

हे काम पेपर म्हणून छापता येईल का?

येईल, पण ‘मुलांना आवडलं’ एवढ्यावर नाही. कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्या आठवा: आवडलं का, शिकले का, वागण्यात उतरलं का, आणि शेवटी रुग्णाला किंवा संस्थेला फायदा झाला का. आपले बहुतेक प्रोजेक्ट पहिल्या पातळीवर फीडबॅक फॉर्म वाटून संपतात. निदान दुसरी गाठा, आणि एक महिन्याने पुन्हा मोजा.

सुरू करण्याआधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या. विद्यार्थी आपल्या हाताखालचे असतात, नाही म्हणणं त्यांना अवघड जातं. म्हणून संमतीचा फॉर्म त्यांना मार्क न देणाऱ्या सहकाऱ्याने द्यावा, आणि कोण सहभागी झालं नाही हे इंटर्नलचे मार्क लागेपर्यंत तुम्हाला कळू नये अशी व्यवस्था करावी. मंजुरी मागाहून मिळत नाही, त्यामुळे ‘आधी डेटा गोळा करू, मग बघू’ म्हणणाऱ्यांचे चांगले प्रोजेक्ट तिथेच अडकून पडतात.